पुन्हा पुन्हा उजाडणारं राज्य

त्या राज्यात उजाडत होतं, पण दिवस काही होत नव्हता.

आधी वेशीवरचं राजचिन्ह मंद उजळायचं. मग दिवाणजी घसा साफ करून पुकारा सुरू करायचे. एकेका घराचं दार उघडायचं, रहिवासी डोळे चोळत चौकात येऊन आपापल्या जागी उभे राहायचे. आणि रांगेतल्या शेवटच्यानं ‘हजर’ म्हणायला तोंड उघडलं, की काळोख. आवाज नाही, धक्का नाही. कुणी समईवर फुंकर घालावी तसा गपकन काळोख. थोड्या वेळानं पुन्हा राजचिन्ह उजळायचं आणि दिवाणजी पुन्हा घसा साफ करायचे, जणू आयुष्यात पहिल्यांदाच.

यातली मौज अशी, की हे कुणाला ठाऊकच नव्हतं. काळोखाबरोबर त्या उजाडण्यात घडलेलं सगळ्यांच्या मनातून पुसलं जायचं. कुणी अर्धवट वाक्य बोलत असलं तर ते तिथेच राहायचं. पुसलं जायचं नाही ते एका साठवणीच्या मनातलं.

साठवण राज्याच्या मागच्या अंगाला, कोठारात राहायची. राणीनं दिलेलं जपायचं आणि मागितलं की काढून द्यायचं, एवढंच तिचं काम. तिच्याकडे चेहरे होते, गावं होती, कुठल्याशा लग्नातलं वाढलेलं पान होतं. राणीनं ते का जपलं, हे तिनं कधी विचारलं नाही. आणि अगदी आतल्या फडताळात एक आवाज होता. ‘पोचलीस का गं? जेवून घे हो. भूक लागली तर माग, लाजत बसू नकोस. ठेवते.’ बस, इतकाच. तो राणीच्या आईचा होता, आणि आता तो दुसऱ्या कुठल्याच दारातून येणार नव्हता. राणी तो फारसा मागायची नाही. पण कधी कधी तिचा अंगठा फडताळापर्यंत यायचा, दारावर क्षणभर टेकायचा आणि दार न उघडताच परत जायचा. तेवढ्यासाठी साठवण त्या फडताळाची कडी पुसून लख्ख ठेवायची.

राज्याला राणीची ओळख होती ती या अंगठ्यामुळेच. समोरच्या गवाक्षाचा पडदा सरकला की ती दिसायचीही. पण सगळं राज्य उठून उभं राहिल्याशिवाय पडदा सरकत नसे, आणि हल्ली राज्य उभं राहतच नव्हतं. बाहेरचे आवाज तेवढे येत. पण हे सुरू व्हायच्या आधीच सगळ्यांनी ताडलं होतं, की राणीचं राहतं घर बदललंय. अंगठ्याबरोबर आता काचेच्या बांगड्यांची किणकिण यायची आणि तिच्यामागून सोन्याचा जड, बंद आवाज. अंगठा मात्र पूर्वीसारखा राहिला नव्हता. जरासा सुजल्यासारखा, जरासा बधिर. एका दाराऐवजी शेजारच्या दारावर पडायचा आणि ओशाळून मागे जायचा.

“नव्या घरी कामं पडत असतील,” हाक म्हणायची. हाक राज्यातले निरोप आणायची-पोचवायची, त्यामुळे तिला सगळ्यांच्या घरचं ठाऊक असायचं. निदान तिला तसं वाटायचं.

त्या नव्या घरातून राज्यात दोन गोष्टी एकदमच आल्या. पहिला आला नवा तट. तिथल्या थोरल्या हातानं तो राणीला मोठ्या हौसेनं दिला होता. जाडजूड, मोरपंखी, काठानं सोनेरी वेल. “आता आपटलं-धोपटलं तरी काही व्हायचं नाही बघ,” असं त्या हाताबरोबरचा आवाज म्हणाला, तो राज्याच्या कानाकोपऱ्यात ऐकू गेला. जुना विटका तट उतरला, नवा चढला, आणि दिवाणजींनी सगळ्यांना उभं करून त्याला नमस्कार करायला लावला.

दुसरी आली गिरकी. गिरकी म्हणजे एक खेळ होता, आणि नव्या घरात आल्यापासून राणीनं फक्त स्वतःसाठी म्हणून आणलेली ती एकच गोष्ट होती. पायात घुंगरू, अंगावर नको तितके रंग. कुठल्या ओट्यावर बसलेलं चालतं, कुठल्या माठातलं पाणी घ्यायचं, हे तिला अजून कळायचं होतं. ती उभी असे ती चौकाच्या कडेला, कुणाच्या वाटेत यायला नको म्हणून.

आणि मग हे पुन्हा पुन्हा उजाडणं सुरू झालं.

दर उजाडताना दिवाणजींच्या लक्षात यायचं, की काहीतरी बिनसलंय. अंथरुणं न घालता, दिवे न मालवता, जो जिथे होता तिथेच आडवा झालेला सापडायचा. दिवाणजी कमरेवर हात ठेवून म्हणायचे, “काय हे! निजायचीसुद्धा शिस्त असते की नाही?” आणि स्वतःच खो खो हसायचे. साठवण मोठ्यांचा मान म्हणून हसायची. तोच विनोद, तेच हसू. तिचे गाल दुखायला लागले होते.

मग वाट मान चोळत म्हणायची, “माझं तर डोकं तापलंय बाई.” लोकांनी कुठे वळायचं हे सांगण्यात वाटेचा जन्म गेला होता, त्यामुळे स्वतःला कुठे ठणकतंय तेही ती सगळ्यांना दिशेसकट सांगायची. “इथून, डावीकडून, थेट मानेपर्यंत.”

“पूर्वी नव्हतं हो असं,” हाक हळूच म्हणायची. “ही यायच्या आधी.”

राज्यात एक जुनी रीत होती: काही बिघडलं, की सगळ्यात शेवटी आलेल्याकडे बघायचं. तट गिरकीच्याही आधी काही घटका आलेला. शिवाय तो दिलेला, मिरवलेला, नमस्कार घेतलेला. त्याच्याकडे कोण बघणार? सगळ्या माना गिरकीकडे वळायच्या. “पांढऱ्या पायाची,” कुणीतरी पुटपुटायचं.

तेव्हा गिरकी घुंगरू वाजू नयेत अशा बेतानं साठवणीजवळ सरकायची आणि विचारायची, “ताई, माझं काही चुकलं का?”

पहिल्यांदा साठवणीनं तिला जवळ घेऊन सांगितलं होतं, “नाही गं.” पुढच्या खेपेलाही सांगितलं. मग मात्र तिला कंटाळा यायला लागला. एकदा तर ती फटकन म्हणाली, “किती वेळा तेच विचारशील?” गिरकी नुसती बघत राहिली. तिनं ते आयुष्यात पहिल्यांदाच विचारलं होतं. तिचा चेहरा साठवणीनं पाहिला, आणि लगेच काळोख झाला. गिरकीच्या मनातून ते पुसलं गेलं; साठवणीच्या मनातून कसं जाणार? त्यानंतर ती प्रत्येक वेळी पहिल्यांदाच सांगावं तसं सांगू लागली, “नाही गं. तुझं काही चुकलं नाही.”

मग बाहेरून हुकूम आला. हुकमाआधी तटापलीकडचं बोलणं आत ऐकू आलं.

“वहिनी, तुम्ही वरून घातलेलं सगळं बंद ठेवून उठवून बघू,” एक तरुण पुरुषी आवाज म्हणाला. “त्यातलंच कुणीतरी घोळ घालत असणार. तो खेळ कशाला घेतलात मधेच?”

“असंच हो, भाऊजी,” राणी म्हणाली. “दुपारी जरा...”

हुकमाबरहुकूम बाहेरून आलेल्या सगळ्यांना पडवीत कोंडण्यात आलं आणि फक्त मूळचे रहिवासी उठले. चौक निम्मा रिकामा होता. हाक समाधानानं म्हणाली, “किती शांत वाटतंय, नाही?” नाही म्हणायला कुणी तोंड उघडायच्या आत काळोख झाला.

म्हणजे गिरकीकडे दोष नव्हता, हे उघड झालं. पण ते उघड झाल्याचं काळोखानंतर साठवणीशिवाय कुणाच्या लक्षात राहिलं नाही. पुढच्या उजाडण्याला माना पुन्हा तिच्याकडेच वळल्या.

बाहेरचा तरुण आवाज आता थकला होता. “एकच उपाय राहिला, वहिनी. आतलं सगळं धुऊन काढायचं. एकदम नव्यासारखं होईल.”

“सगळं म्हणजे... सगळं?”

“काही राहत नाही.”

बांगड्या किणकिणल्या. “त्यात माझ्या आईचा आवाज आहे, भाऊजी.”

“दुसरीकडे कुठे ठेवला नाहीत?”

“नाही.”

“बरं, मी चहा घेऊन येतो,” आवाज जरा खाली आला. “तोवर उठलं तर उठलं. नाहीतर मग करावंच लागेल हो. नाहीतरी असं बंद पडून त्यातलं काय ऐकणार तुम्ही?”

साठवण फडताळाला पाठ लावून उभी राहिली. दिवाणजींना सांगायचं तर ते आधी विनोद सांगणार, मग रांग लावणार, आणि तोवर काळोख. तिनं वेगळाच विचार केला. राज्यात सगळ्यांच्या आधी कोण उठतं? सगळ्यांच्या मागून कोण मिटतं? पुकाऱ्यात ज्यांचं नावसुद्धा घेतलं जात नाही, कारण ते कधी जागचे हललेलेच नसतात, ते कोण?

पुढच्या वेळी राजचिन्ह उजळलं, तेव्हा ती जन्मात पहिल्यांदा कोठार सोडून धावत निघाली. दिवाणजींनी मागून पुकारलेलं आपलं नाव तिनं ऐकलं, आणि ओ दिली नाही.

देवडी राज्याच्या कडेला होती, तटाला अगदी लागून. तिथे म्हातारे देवडीकर खांदा बाहेरच्या बाजूला करून उभे असत. त्यांचं काम सोपं होतं. राणीनं खांद्यावर हलकं बोट टेकवलं, की राज्याचे डोळे उघडायचे. तिनं खांदा दाबूनच धरला, तर सगळं मिटवून पुन्हा उठवायचं. येणारे-जाणारे त्यांच्या समोरून जात, पण त्यांच्याशी बोलायला थांबलेलं कुणी कधी पाहिलं नव्हतं.

“देवडीकर आजोबा, हा काळोख कोण करतं?”

“मी,” ते म्हणाले. त्यांना त्यात लपवण्यासारखं काही वाटलं नाही. “हुकूम आहे ना.”

“कुणाचा?”

“राणीसाहेबांचा. सारखा खांदा दाबून धरलाय. उठवलं, की परत दाब आहेच. मीही मनात म्हणतो, एवढं काय बिनसलंय त्यांचं? पण आपण कसं विचारायचं?”

साठवण वाकून पलीकडे बघू लागली. तिथे बोट नव्हतं, अंगठा नव्हता. नव्या तटाला आतून एक फुगवटा होता, तो बरोबर त्यांच्या खांद्यावर रुतला होता. कातडी लाल होऊन कडेनं काळीनिळी पडली होती.

“आजोबा, हा राणीचा हात नाही. हा तट आहे.”

देवडीकर दुसरीकडे बघत म्हणाले, “ते मला पहिल्या दिवशीच कळलं, पोरी. अंगठा उबदार असतो.”

“मग बोलला का नाहीत?”

“काय बोलू? किती हौसेनं दिलाय तो. तुम्ही सगळ्यांनी हात जोडलेत. अशात मी म्हणू, की मला टोचतोय?” त्यांनी हसण्याचा प्रयत्न केला. “म्हटलं, नवं आहे, अंगाला बसायला वेळ लागतो. होईल हळूहळू सैल. हुकूमच आहे असं धरून चाललो. तसं धरलं की कमी दुखतं. आता थांब हं, मला...”

काळोख झाला.

उजेड आल्याआल्या साठवण पुन्हा देवडीत हजर होती. देवडीकरांनी तिला ओळखलं. त्यांनाही सगळं आठवत होतं! काळोखापलीकडून आपल्याला ओळखणारं कुणीतरी आहे, या आनंदानं तिनं त्यांचा हात घट्ट धरला. पण बाहेरचा चहा संपत आला होता.

“तट आतून निघायचा नाही,” देवडीकर म्हणाले. “बाहेरूनच काढावा लागेल. आणि बाहेर सांगणार कसं? आपल्यातलं कुणी बोलेपर्यंत मी मिटवतोच.”

“राणीच्या तळव्याला काय कळतं, आजोबा?”

“ऊन-गार कळतं.”

साठवणीनं आपल्या कोठारातलं एक उन्हाळी दुपारचं गाव आठवलं. त्या दिवशी राज्य तापलं होतं, तेव्हा राणीनं जुना तट काढून ओढणीनं वारा घातला होता. ती देवडीतून धावत चौकात आली. पुकारा अर्ध्यावर होता, आणि गिरकी कडेला उभी होती.

“ताई, माझं काही चुकलं का?”

“नाही गं. तुझं काही चुकलं नाही. नाचशील?”

“आत्ता? सगळे आधीच माझ्याकडे असे बघताहेत. माझ्या पायांनीच राज्य तापतं म्हणतात.”

“म्हणतात ना? मग ताप.”

गिरकीनं एकदा हाकेकडे पाहिलं, एकदा साठवणीकडे. आणि पाय उचलला.

साठवण कोठाराकडे धावली आणि तिनं एकजात सगळी दारं उघडली. फक्त आतलं फडताळ तेवढं बंद ठेवलं. चेहरे, गावं, ते वाढलेलं पान, सगळं लोंढ्यानं चौकात आलं. गिरकी मधोमध गरगरत होती, तिच्या रंगांनी भिंती रंगल्या होत्या. वाट ओरडत होती, “उजवीकडे व्हा! अहो, उजवीकडे!” आणि दिवाणजी रांगेचं टोक शोधत स्वतःभोवतीच फिरत होते. “पुकारा चाललाय! लाज नाही का?”

मग काळोख.

पण काळोख आठवणी पुसायचा. ताप त्याला पुसता यायचा नाही. पुढचं उजाडणं कोमट भिंतींत झालं. गिरकीनं पुन्हा विचारलं, “ताई, माझं काही चुकलं का?” साठवणीनं पुन्हा सांगितलं, तिनं पुन्हा भीत भीत पाय उचलला. त्याच्या पुढच्या वेळीही. दर वेळी ती पहिल्यांदाच भ्यायली आणि दर वेळी नाचली. वेशीवरचं राजचिन्ह धगीनं थरथरायला लागलं. देवडीकरांच्या कपाळावरून घाम वाहत होता. “अजून!” ते म्हणाले.

तेवढ्यात बाहेर पेला ठेवल्याचा आवाज आला. पावलं आली. समोरच्या काचेवर मोठ्या अक्षरांत प्रश्न उमटला: सगळं धुऊन काढायचं? खाली एक ‘हो’, एक ‘नाही’.

राणीचा अंगठा आला. सुजलेला, बधिर. तो ‘हो’वर येऊन अधांतरी थांबला. साठवण फडताळाच्या दाराला बिलगून बसली.

“अगं बाई!” राणी म्हणाली. “हे केवढं तापलंय.”

“बघू,” तो थोरला आवाज म्हणाला. आणि जो हात आला तो दाबायला आला नाही. तान्ह्या मुलाचं कपाळ बघतात तसा उलट्या पंजानं टेकला. “चटका बसतोय की! अगं, आधी त्याच्या अंगावरचं ते काढ. गुदमरलंय ते आत.”

“पण आई, तुम्ही दिलेलं...”

“मी दिलं म्हणून काय झालं? ताप आल्यावर लेकराचं अंगडं नाही का काढत आपण? आण इकडे.”

थोरल्या बोटांनी तटाची कड उचलली. तट सहज निघाला नाही. एका कोपऱ्याला अडला, मग दुसऱ्या. आणि मग राज्यात वारा शिरला.

देवडीकरांनी श्वास सोडला. तो सगळ्यांना ऐकू गेला, आणि कुणाचा आहे हे कुणाला कळलं नाही.

राज्य उजाडलं. दिवाणजींनी घसा साफ केला. पुकारा चालू झाला, चौक भरत गेला, आणि शेवटी गिरकी म्हणाली, “हजर.”

उजेड तसाच राहिला.

सगळे एकमेकांकडे बघू लागले. याच्या पुढे काय करायचं असतं, ते कुणालाच चटकन आठवेना. शेवटी दिवाणजी म्हणाले, “शिस्त! म्हणत नव्हतो मी?” आणि हसले. या वेळी साठवण मान म्हणून हसली नाही. तिला खरंच हसू आलं.

गिरकी घुंगरू न वाजवता तिच्याजवळ आली. “ताई, माझं काही चुकलं का?”

“नाही गं,” साठवण म्हणाली. “तुझं काही चुकलं नाही.”

गिरकीनं मान हलवली आणि ती चौकाच्या कडेला गेली नाही. साठवणीच्याच ओट्यावर टेकली. तिच्या मनातून आता ते पुसलं जाणार नव्हतं.

गवाक्षाचा पडदा सरकला. राणीचा चेहरा दिसला, तरुण आणि दमलेला. तिच्या खांद्याशी थोरली बाई वाकून बघत होती. एका हातात तो मोरपंखी तट, तिला तो कुठे ठेवावा हे सुचत नव्हतं. राणीचा अंगठा इकडेतिकडे न जाता सरळ आतल्या फडताळापर्यंत आला, टेकला, आणि या खेपेला परत गेला नाही. साठवणीनं कडी काढली.

पोचलीस का गं? जेवून घे हो. भूक लागली तर माग, लाजत बसू नकोस. ठेवते.



“तुझी आई?” थोरलीनं विचारलं. राणीनं मान हलवली आणि डोळे पुसायला हात वर नेला. हिरव्या बांगड्या खाली घसरल्या. त्यांच्यामागचा सोन्याचा तोडा घसरला नाही.

थोरलीनं तट बाजूला ठेवला. राणीचं मनगट हातात घेतलं, खिडकीकडे वळवलं, तोड्याखाली बोट घालून बघितलं, बोट जाईना. मग ती तोड्याचा पेच फिरवायला लागली. पेच घट्ट बसला होता. तो हळूहळू सुटत गेला, आणि सोनं उचललं गेलं तिथे एक लाल वळ होता, कडेनं काळानिळा. त्याच्यावरून तिनं आपला अंगठा हलकेच फिरवला.

देवडीत उभ्या देवडीकरांनी ते पाहिलं, आणि त्यांचा हात आपोआप स्वतःच्या खांद्यावर गेला.